सणांचे मूळ वावरात



गेल्या वर्षीची कोजागिरीची दुपार. दर्यापूर तालुक्यातील एका गावात हरभऱ्याचे बियाणे पाहून मी एका घरी चहा घेत बसलो होतो. त्या घरची नऊ-दहा वर्षांची पोर दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, पाच धांडे पाह्यजे." आज रात्री भुलाबाईची पूजा, तिला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव लागतो. तो कुठून करायचा, हा तिचा प्रश्न.

तिचा बाप हसला. "सायेब, हिले सांगा आता. साऱ्या शिवारात सोयाबीन. ते बी कापून झालं. धांडे कुठून आणू?"

मी कृषी खात्यातला माणूस. पाच धांड्यांची ती काय मोठी गोष्ट, असे म्हणून पोरीला घेऊन निघालो. पांदणीने एक कोस हिंडलो. सोयाबीनचे कुटार, पऱ्हाटी, तूर, परत सोयाबीनचे कुटार. ज्वारीचे एक ताट दिसेना. ज्या वऱ्हाडात आमचे लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेले, त्या वऱ्हाडात पाच धांडे मिळू नयेत, याचे मला नवल वाटले आणि थोडी शरमही वाटली. गेली तीस वर्षे मीच तर लोकांना नवी पिके सांगत आलो.

धांडे शेवटी मिळाले. कुठे मिळाले ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून एक विचार डोक्यात घर करून बसला. आपले हे शरदाचे सण कुठून आले? देवळातून, पोथीतून, की वावरातून? आज तेच आपल्याशी बोलायचे आहे.

शरद म्हणजे काय?

आपल्या पंचांगात सहा ऋतू आहेत. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने शरदाचे. पाऊस ओसरलेला असतो, ऊन चटका देते, सकाळी गवतावर दव दिसते. पोळा श्रावणातल्या अमावस्येला होऊन गेलेला असतो. भाद्रपदात महालक्ष्म्या येऊन जेवून गेलेल्या असतात. सोळा भाज्या आणि ज्वारीची आंबील हा त्यांचा मान. मग पितृपक्ष, आणि त्यानंतर घटस्थापना, दसरा, कोजागिरी, वसुबारस, धनत्रयोदशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, तुळशीचे लग्न अशी सणांची रांगच लागते.

वर्षातले एवढे सण याच दिवसांत का? कारण सरळ आहे. खरिपाचे पीक घरात येण्याचे आणि रब्बीचे बी जमिनीत जाण्याचे हे दिवस. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने पेरायचे. शेतकऱ्याच्या वर्षाचा हा उंबरठा आहे. उंबरठ्याची पूजा आपण करतोच.

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. चीनमध्ये आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला चंद्राचा सण करतात. ज्यू लोक साधारण आपल्या आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास डहाळ्यांचे खोपटे बांधून त्यात बसून जेवतात. त्या सणाला ते सुक्कोत म्हणतात, आणि तो मुळात सुगीचा सण आहे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू याच हंगामात खिरीचा सण करीत आले. इंग्लंडात २९ सप्टेंबरचा मायकेलमास हा सण म्हणजे कुळांनी जमिनीचा खंड भरण्याचा दिवस असे. धर्म वेगळे, देव वेगळे, पण पीक हातात आले की माणसाला हात जोडावेसे वाटतात, आणि त्याच वेळी देणेकरीही दारात उभा राहतो. ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचे आहे.

घट: देवीपुढची बियाणे तपासणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. अमरावतीच्या अंबादेवी आणि एकवीरादेवीच्या देवळांत नऊ दिवस पाय ठेवायला जागा नसते. रुक्मिणी अंबादेवीच्या दर्शनाला आली आणि तेथून श्रीकृष्णाने तिला नेले, ही कथा आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर हे तिचे माहेर.

याच अंबादेवीच्या देवळाची आणखी एक आठवण सांगितली पाहिजे. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना या देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ झाली. तिच्या पुढाऱ्यांत डॉ. पंजाबराव देशमुख होते. तेच भाऊसाहेब पुढे १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री झाले, आणि १९६९ साली अकोल्यास निघालेल्या आपल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव दिले गेले. देवी सर्वांची आणि शेतीविद्याही सर्वांची, हे भाऊसाहेबांनी आयुष्यभर धरून ठेवले.

आता घराघरांतला घट पाहा. परडीत किंवा पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरतात. तीत गहू किंवा पाच-सात धान्ये पेरतात. वर मातीचा घट ठेवतात, रोज पाणी शिंपडतात, माळ चढवतात. नवव्या-दहाव्या दिवशी वीतभर पिवळे कोंब उभे राहतात. दसऱ्याला तेच कोंब देवाला वाहतात, फेट्यात खोवतात.

कथा महिषासुराची आहे आणि ती आपल्या जागी थोर आहे. पण शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर घट म्हणजे रब्बीच्या बियाण्याची उगवण तपासणी. पेरणीच्या ऐन तोंडावर, आपल्याच वावरातली माती, आपल्याच कणगीतले बी. ते उगवते की नाही हे घरातली बाई नऊ दिवस डोळ्यांनी पाहते. जिचा घट चांगला उगवला तिच्या घरी बरकत, असे म्हातारी माणसे म्हणत. त्यात खोटे काय होते? बी चांगले तर बरकत येणारच.

यंदा घट बसवाल त्याच दिवशी एक काम करा. हरभऱ्याचे न निवडता मोजून शंभर दाणे घ्या. गोणपाट ओले करून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी उघडून चांगले कोंब मोजा. पंच्याऐंशी किंवा जास्त निघाले तर एकरी तीस किलो बी पुरे. सत्तर निघाले तर छत्तीस किलोपर्यंत वाढवा. साठाच्या खाली गेले तर ते बी दाळीला ठेवा, पेरू नका. खारपाणपट्ट्यात तर हरभरा ओलीवर येतो. तेथे एकदा बी फसले की दुबार पेरायला ओल उरत नाही. नऊ दिवसांच्या उपवासाचे पुण्य आपापल्या श्रद्धेप्रमाणे मिळेल, या तपासणीचे फळ मात्र पेरणीनंतर आठवड्यात डोळ्यांना दिसेल.

दसरा: सीमा ओलांडण्याचा दिवस

दसऱ्याला रामाने रावण मारला, देवीने महिषासुर मारला, पांडवांनी शमीच्या झाडावरची शस्त्रे काढली, अशा कथा आहेत. कौत्साने गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे सोने मागितले आणि आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पडला, ही कथाही आहे. पण या दिवसाला एक साधा आधार होता. पावसाळा संपला, चिखल वाळला, नद्या उतरल्या. सैन्याला मुलुखगिरीला निघता येऊ लागले, व्यापाऱ्याच्या बंड्या रस्त्याला लागल्या. म्हणून सीमोल्लंघन, आणि म्हणून हत्यारांची पूजा. सैनिकाची तलवार, सुताराची करवत, आणि आपली तिफन, वखर, विळा. पूजेआधी अवजार धुऊन, घासून, तेल लावून ठेवतात. रब्बीच्या पेरणीआधी अवजार दुरुस्त असावे हाच त्यातला मतलब. आता तिफनीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले. हार घालण्याआधी त्याच्या नळ्या साफ करा, बी किती पडते ते मोजून घ्या. तीच खरी पूजा.

या दिवसाला १९५६ साली नवा अर्थ मिळाला. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजही दसऱ्याच्या आदल्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या स्टेशनांवर, फाट्यांवर दीक्षाभूमीला निघालेली माणसे दिसतात. एका गावात कोणी सोने वाटतो, कोणी पांढरी वस्त्रे घालून नागपूरला जातो. सीमोल्लंघन दोघांचेही आहे.

एक विनंती. आपट्याची पाने म्हणून फांद्याच्या फांद्या ओरबाडू नका. सोने एका पानातही असते. धुऱ्यावर आपट्याचे एक झाड लावा, म्हणजे नातवंडांना विकत आणावे लागणार नाही.

भुलाबाई आणि कोजागिरी

भुलाबाई हा खास आपल्या वऱ्हाडाचा आणि खानदेशाचा सण. पार्वती ती भुलाबाई आणि शंकर तो भुलोजी. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर पोरी सांजेला घरोघर जमतात, टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात आणि डब्यातली खिरापत ओळखतात. काही घरी महिना होत नाही, तेथे दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पाच दिवस बसवतात. शेवटच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मांडव, त्याखाली भुलाबाई-भुलोजी, आणि वर पौर्णिमेचा चंद्र.

या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, नणंद आहे, सासऱ्याचा धाक आहे. लग्न होऊन गेलेल्या पोरीला मनातले बोलायला हा एक महिना मिळायचा. निंदण-डवरणी संपलेली आणि सोंगणी अजून लागायची, असा मधला थोडा सवडीचा काळ तो. माहेरी आलेल्या लेकीला देवीचा मान मिळावा, याहून सुंदर कल्पना कोणती?

आणि मांडव धांड्यांचाच का? कारण त्या वेळी ज्वारीला कणीस भरलेले असे. धांडा दारात यायचा तोच दाण्यासकट. खायचे धान्य माणसाला, कडबा ढोरांना, आणि पहिली पाच ताटे लेकींच्या देवीला. नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही जुनी रीत सगळ्या जगात दिसते.

कोजागिरीला लक्ष्मी "को जागर्ति", म्हणजे कोण जागे आहे, असे विचारत फिरते म्हणतात. शहरात त्या रात्री गच्चीवर दूध आटवतात. आपला कास्तकार मात्र रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या पायी महिनाभर वावरात जागली करतो. लक्ष्मीने खरोखर जागणाऱ्यांची यादी केली, तर आपली गावे तिला पुरायची नाहीत!

कोजागिरीनंतर पाचव्या दिवशी, आश्विन वद्य पंचमीला, गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. हजारो माणसे तेथे एकाच क्षणी मौन धरून उभी राहतात. सोंगणीच्या घाईतून वेळ काढून आलेला कास्तकार त्या गर्दीत उभा असतो. जुन्या सणांच्या रांगेत आपल्या डोळ्यांदेखत बसलेला हा नवा सण आहे. सण असेच तयार होतात.

सीतादही

आता जी गोष्ट सांगतो ती कोणत्याही छापील पंचांगात सापडणार नाही.

कापसाच्या पहिल्या वेच्याआधी वऱ्हाडात सीतादही करतात. आमच्या घरी माय करायची. दहीभात, हळदकुंकू आणि नारळ घेऊन ती वावरात जायची. एका चांगल्या पऱ्हाटीखाली लहान गोटे मांडून त्यांची पूजा करायची. फुटलेल्या बोंडाचा कापूस काढून पऱ्हाटीला गुंडाळायची आणि दहीभात तासातासाने शिंपडायची. दहीभातासारखे पांढरेशुभ्र वावर फुटू दे, हे मागणे. मग वेचणाऱ्या बायांना प्रसाद आणि वेच्याला सुरुवात.

सीता हा शब्द रामायणापेक्षा मोठ्या अर्थाचा आहे. संस्कृतात सीता म्हणजे नांगराने पडलेली चिरी, आपले तास. वेदांत सीता ही त्या तासाची देवी आहे. जनकराजाला नांगरताना मुलगी सापडली म्हणून तिचे नाव सीता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या शेतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला सीताध्यक्ष म्हटले आहे. बियाणे केव्हा गोळा करावे, केव्हा काय पेरावे, हे पाहणे त्याचे काम. म्हणजे आमच्या कृषी खात्याचा तो मूळपुरुषच! आमच्या आडगावातली निरक्षर माय ज्या नावाने दहीभात शिंपडत होती, ते नाव एवढे जुने.

पण या सीतादहीची माझी एक आठवण दुखरी आहे. पंचेचाळीस वर्षे झाली असतील. मी चौथीत होतो. त्या साली दिवाळी लवकर आली. कापूस अजून फुटायचा होता आणि घरात रोकड नव्हती. बाबांनी गावातल्या एका दुकानदाराकडून आम्हा चार भावंडांना कपडे, गूळ, तेल, डाळ असे सारे उधारीवर आणले. बोली सवाईची, म्हणजे शंभराचे सव्वाशे, आणि फेड पहिल्या वेच्याच्या कापसाने. दिवाळी थाटात झाली. फटाकेही वाजले.

दिवाळीनंतर माय सीतादही करायला निघाली. बाबा सोबत होते, मी मागे होतो. माय तासातासाने दहीभात शिंपडत होती. बाबा धुऱ्यावर बसून होते. ते एवढेच म्हणाले, "हा कापूस आपला कुठी हाये वं? हा तं दिवाळीतच गेला."

माय काही बोलली नाही. तिने उरलेला दहीभात शिंपडला. त्या वर्षी पहिल्या वेच्याच्या गाठोड्यांची बंडी आमच्या दारावरून गेली, ती बाजाराला गेली नाही, त्या दुकानापुढे थांबली. माझ्या अंगात नवा सदरा होता. तो सदरा पुढे दोन वर्षे मी घातला, पण बंडी आठवल्यावाचून घातला नाही.

दिवाळी: गाय, केरसुणी आणि बळी

दिवाळीचे मूळ पाहा. सुरुवात होते वसुबारसेने, म्हणजे गाय-वासराच्या पूजेने. शेवट होतो पाडव्याला, गायगोधनाने. आमच्या गावी पाडव्याच्या दिवशी आखरावर गायी जमायच्या. शेणाचा गोवर्धन करून पूजा व्हायची. गायकी आणि गोवारी बांधव डफ वाजवत, नाचत घरोघर यायचे आणि वर्षभर ढोरे राखल्याचा मान म्हणून सुपाने धान्य घ्यायचे. मेळघाटात दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारांत थाट्या बांधव घुंगरू बांधून नाचतात. तो घुंगरू बाजार पाहण्यासारखा असतो. म्हणजे आपली दिवाळी गोठ्यात सुरू होते आणि गोठ्यातच संपते. मधले फटाके नंतर आले.

शेणाचा डोंगर करून त्याला गोवर्धन म्हणायचे, यातला अर्थ शेतकऱ्याला वेगळा सांगायला नको. ज्याच्या उकिरड्याचा डोंगर मोठा, त्याची जमीन कसदार. आज गोठे रिकामे झाले, शेणखत मिळेना, आणि काळी जमीन कडक होत चालली. गोवर्धनाची पूजा करताना एवढे मनात आणावे.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो. तिलाच लक्ष्मी म्हणतो. वऱ्हाडात ही पूजा करताना गाडगेबाबांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या या माणसाने आयुष्यभर हातात खराटा धरला. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरे कापू नका, पोरांना शाळेत घाला, हे त्यांनी गावोगाव सांगितले. १९५६ सालच्या २० डिसेंबरला ते गेले. अमरावतीला त्यांची समाधी आहे.

आणि बळीप्रतिपदा. वामनाने तीन पावले भूमी मागून बळीराजाला पाताळात घातले, ही कथा. पण शेतकऱ्याने वामनाच्या बाजूने दिवा लावला नाही. त्याने बळीच्या परतीची वाट पाहिली. "इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो" असे आपल्या आयाबहिणी ओवाळताना म्हणत आल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तीत बळी हा कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभा केला. शेतकऱ्यालाच आपण बळीराजा म्हणतो. राज्य गमावलेल्या राजाचे नाव शेतकऱ्याला मिळावे, आणि तरी त्याने दरवर्षी दिवा लावावा, यात आपली सारी कहाणी आली.

तिथी पंचांगाची, भाव बाजाराचा

आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. सण चंद्रावर चालतात, पीक सूर्यावर आणि पावसावर. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून सण दरवर्षी मागे सरतात आणि अधिक महिना आला की पुढे येतात. लक्ष्मीपूजन २०१७ साली १९ ऑक्टोबरला होते आणि २०२० साली १४ नोव्हेंबरला. सव्वीस दिवसांचा फरक! पीक काही तिथीसाठी थांबत नाही.

दिवाळी लवकर आली की सोयाबीन ओले असते आणि कापूस बोंडात असतो. घरात तर खर्च उभा. मग ओले सोयाबीन तसेच पोत्यात भरून बाजारात जाते. ओलाव्याच्या नावाने भाव तुटतो, आणि सारा मुलूख एकाच आठवड्यात विकायला आल्याने आणखी तुटतो. पूर्वी पहिला वेचा दिवाळीत जायचा, आता सोयाबीन जाते. पीक बदलले, बंडी गेली, ट्रॉली आली, गोष्ट तीच राहिली.

यावर चार गोष्टी सांगतो. घरात मोठ्याने वाचून दाखवा.

एक, पेरणीच्या वेळीच पंचांग उघडून दिवाळीची तारीख पाहा. ती लवकर असेल तर सणाचा खर्च आधीच लहान ठरवा. हे घरधनिणीला विचारून ठरवा, कारण हिशेब तिलाच चांगला जमतो.

दोन, सोयाबीन वाळवून बारा टक्के ओलाव्यावर आणल्याशिवाय विकू नका. सणाच्या गरजेपुरती दोन-चार पोती विका, सारा ढीग नको.

तीन, बाकी माल तारण ठेवता येतो. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. जी बाजार समिती ती चालवते, तिच्या गोदामात सोयाबीन ठेवले तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने मिळते. सवाईचे व्याज आणि हे व्याज यांची तुलना करून पाहा. आपल्या बाजार समितीत आधी चौकशी करा.

चार, कापसाचा पहिला वेचा दव उडाल्यावर करा, तो वेगळा ठेवा, कवडी त्यात मिसळू नका. आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला हमीभाव पूर्ण मिळतो. त्यावर, बारा टक्क्यांपर्यंत, भाव कापला जातो.

सण करू नका असे मी सांगत नाही. सण नसेल तर वर्षभर राबायचे कशाच्या जोरावर? पण या सणांचे मूळ काम आणि कृतज्ञता हे आहे. बी तपासणे, अवजार घासणे, लेकीला माहेरी आणणे, गायीला ओवाळणे, घर झाडणे. यातल्या एकाही गोष्टीला उधारी लागत नाही. उधारी लागते ती वरून चिकटलेल्या गोष्टींना.

ते पाच धांडे

त्या कोजागिरीच्या दुपारी पोर दमून गेली होती. परत फिरणार एवढ्यात शिवाराच्या टोकाला एका तुरीच्या वावराच्या कडेने ज्वारीची दोन तासे दिसली. कणसांवर पाखरे बसलेली. धुऱ्यावर एक म्हातारी गोफण घेऊन उभी.

पोरीने धावत जाऊन धांडे मागितले. म्हातारीने विळ्याने एक-एक निवडून पाच चांगली ताटे कापली, कणसासकट, आणि तिच्या खांद्यावर दिली. मी विचारले, "आजी, सारे सोयाबीन पेरतात, तुम्ही ही दोन तासे कशाला ठेवली?"

ती म्हणाली, "सायेब, लोकं मले हासतात. पाखरं खातेत, डुकरं खातेत, उरलं तं माह्या भाकरीले. पण दोन तास म्या पेरतोच. नायी तं लेकीबाळी धांडे कुठून आणतीन?"

मला उत्तर सुचले नाही. बी.एस्सी.ला चार वर्षे मी पिकांची फेरपालट शिकलो. भाकरी माणसाची, कडबा ढोराचा, दाणा पाखराचा आणि धांडा लेकीचा, हे गणित मात्र तिला माझ्याआधी येत होते.

त्या रात्री त्या घरी मांडव झाला. शेजारच्या सहा-सात पोरी जमल्या. खिरापत ओळखता ओळखता रात्र झाली. निघताना पोरीच्या बापाने मला फाटकापर्यंत सोडले आणि विचारले, "सायेब, जवारीचं बी एखाद किलो कुठी भेटीन?"

मी यंदा जूनमध्ये त्याला ते नेऊन दिले. त्याने धुऱ्याच्या कडेने चार तासे पेरली. आपणही पुढच्या मृगात दोन तासे पेरून पाहा. कोजागिरीला आपल्या दारात कोणाची तरी पोर धांडे मागायला येईल, तेव्हा तिला परत पाठवण्याची वेळ येऊ नये.